पंख्यांची पाठवणी

२१ मार्च २०२४, गुरुवार. आमगाव

काकूंनी आज माळ्याची किल्ली दिली. धानाची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली, आता घरही विकायचं ठरलं आहे. शेतीच्या वाटणीवरून आमच्याकडे दिवाळ्या अबोल्यात गेल्या, पण पंख्यांचा निकाल एका फोनात लागला. पितळी टेबलफॅन न्यू जर्सीच्या भाचीला, मोठा इटालियन पुण्याच्या पुतण्याला, छताचा नागपूरच्या आत्याला. ते नेऊन पोचवायचे कोणी, हा प्रश्न मागाहून निघाला. घरात निवृत्त माणूस मी एकटाच, त्यामुळे त्याचाही निकाल लगेच लागला.

तिन्ही पंखे खाली उतरवून ओसरीवर ठेवले. भाचीचा पंखा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा आहे. बारा इंची, चार पितळी पाती, जाळीही पितळी, बाकी अंग काळं. पुतण्याचा मिलानच्या मारेल्लीचा. ही कंपनी १८९१ पासूनची. छताचा पंखा कलकत्त्याच्या इंडिया इलेक्ट्रिक वर्क्सचा, लांब दांड्याचा, आणि त्याचा डबा इतका जड की तो उतरवताना शेजारच्या पोराला हाक मारावी लागली.

आमगावसारख्या ठिकाणी हे आलं कसं, असं बाहेरचे विचारतात. आमगाव हावड्याच्या रेल्वेमार्गावर आहे. एकेकाळी इथल्या गिरणीवाल्यांना मुंबईइतकंच कलकत्ताही जवळचं होतं, आणि कलकत्त्यात विजेचा सार्वजनिक पुरवठा १८९९ सालीच सुरू झाला होता, तेव्हा पंख्यांची बाजारपेठही तिकडेच. काकू सांगतात, पितळी पंखा गावात वीज येण्याआधीचा. गिरणीच्या इंजिनाला डायनामो जोडला होता, त्यावर चालायचा. प्लेटवर पाहिलं तर खरंच डीसी. पुढे गावात एसी वीज आली आणि या पंख्याला कामच उरलं नाही. शाबूत राहिला तो त्यामुळेच. रोज चालला असता तर कधीच भंगारात गेला असता.

२३ मार्च, शनिवार

प्लेट वाचण्यात सकाळ गेली. आधी कोरड्या ब्रशने धूळ, मग ओल्या फडक्याने हलकं पुसणं. चिंच किंवा पितांबरी अजिबात नाही. काकू चिंच भिजवूनच बसल्या होत्या, त्यांना थांबवताना जीव गेला. शंभर वर्षांनी पितळेवर चढलेला तपकिरी रंग घासून काढला की ते काल घेतलेल्या समईसारखं दिसतं आणि जाणकारांच्या लेखी पंख्याची किंमत उतरते.

एक नोंद करून ठेवतो, कारण पुतण्या आणि भाची दोघांचाही गोंधळ झाला. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि लंडनची जनरल इलेक्ट्रिक कंपनी, म्हणजे जीईसी, या नावाने जुळ्या वाटल्या तरी वेगळ्या कंपन्या. भारतातल्या जुन्या घरांत जीईसीचे पंखे जास्त सापडतात. आमचा अमेरिकन आहे आणि त्याच्या प्लेटवर पेटंटच्या तारखांची रांग आहे. शेवटची तारीख १९१२ सालची. म्हणजे पंखा त्याच्या आधीचा नाही, एवढंच त्यातून कळतं. नंतरचा किती, ते प्लेट सांगत नाही.

२४ मार्च, रविवार. होळी

पंखे घेऊन गोंदियाला परतलो. संध्याकाळी होळीसाठी लाकडं मागायला आलेल्या पोरांना जुनी पॅकिंगची फळकुटं देऊन टाकली. त्यातली काही एका तुटलेल्या पंख्याबरोबर आली होती.

तो पंखा मी काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मागवला होता. नाव घेत नाही. खोकं बाहेरून धडधाकट होतं, चारी बाजूंनी लाल अक्षरात 'नाजूक' लिहिलेलं. आत पंखा उभाच्या उभा, जाळीसकट, वर्तमानपत्रांचे बोळे भोवती. उघडला तर मोटार एकीकडे आणि बैठक दुसरीकडे. मान तुटली होती. तुटल्या जागी करडं, दाणेदार, साखरेसारखं चमकणारं अंग दिसत होतं. कुठे वाकल्याची, ताणल्याची खूण नाही.

बिडाचं हे असंच असतं. बीड दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. त्यात कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतली एक तयार चीर. पोलाद आधी वाकून इशारा देतं, बीड सरळ तुटतं. पंख्याच्या रचनेत ही खोड नेमकी अडचणीच्या जागी येते. खाली बैठक जड, वर मोटार जड, मधे अंगठ्याएवढी मान.

लोक समजतात, बाहेरून मार बसतो म्हणून वस्तू तुटते. पंखा तुटतो तो स्वतःच्याच वजनाने. हिशोब शाळेतला आहे. खोकं ६० सेंटिमीटरवरून पडलं आणि आतली वस्तू १ सेंटिमीटरात थांबली, तर तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या ६० पट जोर येतो. मोटार ८ किलोची धरली तर क्षणभर मानेवर ४८० किलो. तीच मोटार ५ सेंटिमीटर हळूहळू दबत थांबली तर जोर १२ पटींवर येतो, म्हणजे ९६ किलो. सगळी बांधणी या चार-पाच सेंटिमीटरांसाठी असते, आणि तोही भार मानेवर येऊ द्यायचा नाही यासाठी.

२७ मार्च, बुधवार

वाइंडिंगवाले मिस्त्री दुपारी आले. गोंदियातल्या निम्म्या गिरण्यांच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. पितळी पंख्याकडे बराच वेळ नुसते पाहत बसले. मग म्हणाले, "भाऊ, याच्या बुशीत अजून तेल हाय जी."

पाती काढायची होती. पात्यांच्या मधल्या पितळी गुट्ट्यात एक आडवा स्क्रू असतो, तो दांड्याला दाबून धरतो. तो गंजून बसलेला. नवशिके इथेच पाती धरून ओढतात आणि चारांपैकी एक पातं जन्मभरासाठी वाकडं करून ठेवतात. पितळ मऊ असतं, आणि पात्याचा बाक पुन्हा हाताने जुळत नाही. मिस्त्रींनी स्क्रूवर घासलेटाचे दोन थेंब सोडले, चहा घेतला, गप्पा मारल्या, पुन्हा दोन थेंब. मग खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर कानशीने घासून तयार केला. खाचेपेक्षा बारीक हत्यार लावलं की खाच फाटते आणि पुढे ड्रिलशिवाय गत्यंतर राहत नाही. त्यांनी हत्यार उलट फिरवण्याआधी किंचित सुलट, म्हणजे आवळण्याच्या दिशेला, दाबलं. करकर असा बारीक आवाज झाला. "सुटला," ते म्हणाले, आणि मग अर्ध्या वेढ्यात स्क्रू मोकळा झाला. पाती दोन्ही हातांनी मधल्या गुट्ट्याला धरून दांड्यावरून सरळ बाहेर. दांड्यावर गुट्टा कुठवर होता तिथे शिसपेन्सिलीची रेघ मारली, कारण बसवताना पाती थोडी मागे गेली तर जाळीला घासतात.

पुढे वाद झाला. मिस्त्रींचं म्हणणं, "मुंडकंच मोकळं करू. वायर कापली का झालं, दोन मिनिटाचं काम हाय. हे डोस्कं मानेवर ठेवून पाठवान तं मान तुटनच जी." मानेबद्दल ते बरोबरच बोलत होते, पण वायरीला मी हात लावू दिला नाही. मोटारीतून निघणारी वायर मानेतल्या पोकळीतून बैठकीत उतरते आणि तिथे वेगाच्या गुंडाळीला आणि चिनी मातीच्या स्विचला जोडलेली असते. वरून कापडी विणीचं वेष्टन, आत रबर. ते रबर आता बिस्किटासारखं झालं आहे. वायर एकदा वाकवली की आत भुगा, आणि मग सगळी वायर नव्याने ओवायची. न्यू जर्सीत ते कोण करणार? तेव्हा मुंडकं जागेवरच राहील आणि त्याला खालून आधार द्यायचा, असं ठरलं. मिस्त्री फारसे खूश नव्हते. जाताना म्हणाले, "मंग घोडी चांगली बनवजा."

मारेल्लीच्या बाबतीत मात्र त्यांचंच ऐकलं. त्याची वायर मागे कधीतरी बदललेली आहे, प्लास्टिकची, जोड उघडे. तिथे मुंडकं सोडवलं, जोडांवर चिठ्ठ्या बांधल्या. प्रत्येक स्क्रू निघाला तसा फोटो काढून वेगळ्या कापडी पिशवीत घातला. पिशवीवर लिहिलं 'जाळी, मागची', 'जाळी, पुढची', 'मान'. मोटारीतले कार्बन ब्रशही काढून ठेवले.

३० मार्च, शनिवार

भरायचं काय, हा आजचा विषय.

गोंदियात राहून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, विचार आला नाही तर नवल. इथे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, असोत, काचेच्या बरण्या असोत, पिढ्यानपिढ्या तणसातच बांधल्या गेल्या. फुकट आणि लवचीक. पण तणस ओल धरतं, त्यात किडे असतात, आणि परदेशी टपालात तर ते चालतच नाही. असल्या पॅकिंगवर अनेक देशांत बंदी असते, खोकं बंदरावरच अडकतं. पुण्याच्या खोक्यात ते चाललं असतं, तरी काळ्या रंगाला ओल नको म्हणून सोडलं.

गिरणीतला कोंडा सुचवणारेही भेटले. कोंडा नकोच. एक तर तो वाहतो. प्रवासाच्या हादऱ्यांनी जड वस्तू हळूहळू त्यात बुडत तळाला जाते आणि वर मोकळी पोकळी राहते. विलायती पॅकिंगमधले थर्माकोलचे दाणे हेच करतात. दुसरं म्हणजे धानाचा कोंडा जाळला तर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी राख उरते आणि ती बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूचाच प्रकार. असली धूळ बुशीत गेली तर दांड्याला कानस लागल्यात जमा.

बबल रॅप सगळ्यांना आवडतो. मलाही आवडतो, फक्त पंख्याच्या अंगाला तो थेट लागता कामा नये. विदर्भातल्या उन्हात बंद गाडीत प्लास्टिक रंगाला चिकटतं आणि निघताना फुग्यांचे गोल ठसे ठेवून जातं. चिकटपट्टीचंही तेच. म्हणून पहिला थर जुन्या, धुतलेल्या धोतराचा, त्यावर बटर पेपर, मग बाकी काय ते.

उत्तर गोरेलाल चौकातल्या एका दुकानात सापडलं. मार्चअखेर म्हणजे कूलरच्या सामानाचा हंगाम, दुकानासमोर वुडवूलच्या ताट्या रचलेल्या. लाकडाचा हा लांब, कुरळा, बारीक कीस दाबला की दबतो आणि सोडला की परत फुगतो. कागदाचा बोळा एकदा दबला की दबलेलाच राहतो. जुन्या काळी पंख्याचे कारखाने याच वुडवूलमध्ये माल भरून जहाजाने पाठवत. आपण मात्र ते कूलरला लावून पाणी शिंपडतो. मी कोरडं, बिनवासाचं वुडवूल घेतलं, झटकलं, उन्हात पसरलं आणि शिंप्याकडून मांजरपाटाच्या उशा शिवून त्यात भरलं. सुटं भरलं असतं तर धागे मोटारीच्या छिद्रांतून आत गेले असते. शिंप्याने विचारलं, "कोणासाठी?" म्हटलं, पंख्यासाठी. त्याने पुढे काही विचारलं नाही.

२ एप्रिल, मंगळवार

सुताराकडे. पुण्याच्या पंख्यासाठी शिवणीच्या फळ्यांची पेटी. शिवण हलकं, खिळ्याला फाटत नाही. भाचीच्या पंख्यासाठी मात्र सगळं लाकूडकाम प्लायवूडचं. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पेटीला आंतरराष्ट्रीय नियमाने उष्णतेची प्रक्रिया लागते. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवून त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारलेला हवा. लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून हा नियम आहे. प्लायवूड बनतानाच तापतं आणि दाबलं जातं, त्यामुळे त्याला सूट. वुडवूललाही सूट.

घोडी बनली ती अशी. जाड प्लायचा तळ, त्यावर पंख्याची बैठक तिच्याच मूळ भोकांतून बोल्टने कसली, खाली नमदा. मोटारीच्या पोटाच्या गोलाईबरहुकूम दोन उभे तुकडे कापून मोटारीच्या पुढे आणि मागे उभे केले, खाचेत नमद्याचा पट्टा. आता मोटार घोडीवर बसते आणि मान नुसती नावाला उरते. वरून सुती पट्टीने बांधली. मान फिरवणारी कळ मोकळी सोडली तर मुंडकं प्रवासभर डोलत राहील, म्हणून तीही आवळून बांधली.

पाती वेगळी. प्लायच्या चौकोनाला मधोमध भोक पाडून त्यात पात्यांचा गुट्टा बसवला आणि बोल्टने धरला. टोकं कशालाही टेकत नाहीत. जाळीची मागची आणि पुढची बाजू एकत्र, मधल्या पोकळीत वुडवूलची उशी, म्हणजे वरून दाब आला तरी तारा आत जाणार नाहीत.

सुटं केल्याने भाडंही वाचतं, हे सुताराला पटवायला गणित करून दाखवलं. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरातला गुणाकार ५,००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा तो आकडा जास्त असेल तर त्यावर पैसे लावतात. पंखा जोडून, दुहेरी खोक्यात घातला तर ६० बाय ६० बाय ७०, म्हणजे ५०.४ किलो. सुटा केला तर एक खोकं ५० बाय ४५ बाय ४५ आणि दुसरं ४५ बाय ४५ बाय २०. दोन्ही मिळून साडेअठ्ठावीसच्या आत. पंखा तोच, भाडं जवळजवळ निम्मं.

४ एप्रिल, गुरुवार

आज खोकं पाडून पाहिलं. वाहतुकीच्या चाचण्यांची एक अमेरिकन पद्धत आहे. साडेनऊ ते साडेअठरा किलोच्या आसपासचं खोकं ६१ सेंटिमीटरवरून टाकायचं, एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहा बाजूंवर. अर्थात पंखा आत घालून नव्हे. मिस्त्रींकडून जळालेली मोटार आणली, तिला बैठकीइतक्या वजनाचा लोखंडी तुकडा जोडला, आणि दोघांच्या मधे मानेच्या जागी एक कवेलू सुतळीने आवळून बांधलं. कवेलू टिकलं तर मान टिकेल.

आधी मुद्दाम वर्तमानपत्राचे बोळे भरून एक खोकं तयार केलं. गोंदियातल्या एका चालू गिरणीच्या सिमेंटच्या फरशीवर कोपऱ्यावर टाकलं. पहिल्याच आपटीला आतून खडखड. उघडलं तर कवेलूचे तीन तुकडे आणि बोळे सगळे एका बाजूला चपटे झालेले.

मग आमची बांधणी. आत पाच प्लायच्या पुठ्ठ्याचं खोकं, बाहेर सात प्लायच्या पुठ्ठ्याचं, दोघांच्या मधे सगळीकडून पाच सेंटिमीटर वुडवूलच्या उशा. कोपरा, कडा, बाजू. गिरणीतले हमाल जमले, एकाने तर टाकण्याचं काम आनंदाने अंगावर घेतलं. खोक्याचा एक कोपरा दबला. आतलं कवेलू शाबूत. जुनं कवेलू होतं, एका बाजूला आधीचाच टवका उडालेला, तोही तेवढाच.

६ एप्रिल, शनिवार

भाचीचा फोन. "मामा, कधी निघतोय माझा पंखा?" तिला सांगितलं, इतक्यात नाही.

कायद्याचं कलम वाचत होतो. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा, ५ एप्रिल १९७६ पासून लागू. शंभर वर्षांहून जुनी, विज्ञान, कला, कारागिरी किंवा चालीरीती दाखवणारी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे, खाजगी माणसाला नाही. मोडल्यास कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. लोकांना वाटतं हा कायदा मूर्ती आणि नाणी यांच्यापुरता आहे. त्यातले शब्द त्याहून बरेच व्यापक आहेत.

आमच्या प्लेटवर शेवटचं साल १९१२. पंखा १९१३ चा असेल तर शंभरी ओलांडलेला, १९२६ चा असेल तर नाही. वस्तू पुरावशेष आहे की नाही हे ठरवायचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचं. तेव्हा त्यांच्याकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घेतल्याशिवाय खोकं शिवायचं नाही. भाची म्हणाली, "अहो मामा, पंखाच तर आहे!" मी म्हटलं, तेच कस्टमवाल्याला सांगून पाहा.

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा

काम बंद. आत्याचा फोन, पंखा कधी. तिला वाटतं तिचा सगळ्यात सोपा.

११ एप्रिल, गुरुवार

आत्याचा पंखा सोपा नाही. जुन्या छताच्या पंख्यात बेअरिंग तेलात बुडालेलं असतं. आडवा केला की तेल वाइंडिंगवर. आज तेल काढलं, काळं डांबर निघालं. पात्यांवर आणि त्यांच्या पट्ट्यांवर जोडीने १, २, ३ लिहिलं. पाती कारखान्यात वजन जुळवून लावलेली असतात, अदलाबदल झाली की पंखा छताला लटकून थरथरतो. हा पंखा मी स्वतः गाडीतून नागपूरला नेणार आहे, डबा उभाच ठेवून. कुरिअरला द्यायची हिंमत नाही.

दुपारी एक भंगारवाला आला. आमचा उद्योग त्याच्या कानावर गेलेला. पिशवीतून रेल्वेच्या डब्यातला छोटा पंखा काढला. "असली पितळ, साहेब. पॅक करून मुंबईला पाठवा, चांगले पैसे येतात." गोंदिया जंक्शनच्या गावात हे व्हायचंच. रेल्वेच्या डब्यांतले असे पंखे ११० व्होल्ट डीसीवर चालतात, घरात लावले तर जळतात. आणि लिलावाची पावती नसेल तर १९६६ च्या रेल्वे मालमत्तेच्या कायद्याखाली तो नुसता जवळ बाळगणंही गुन्हा. पावती मागितली. त्याने पंखा पिशवीत परत घातला.

१३ एप्रिल, शनिवार

मारेल्ली पुण्याला रवाना. रेल्वेने पाठवायचं ठरवलं कारण महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते. मधल्या स्टेशनावर दोन मिनिटांत माल फेकला जातो, सुटण्याच्या स्टेशनावर चढवायला सवड असते. शिवणीची पेटी, वरून बारदान, दाभणाने आणि सुतळीने शिवलेलं. चारी बाजूंना 'गोंदिया ते पुणे' मोठ्या देवनागरीत.

पेटीच्या दोन बाजूंना सुताराने दोरीच्या मुठी लावल्या होत्या, वजनाच्या मध्याच्या जरा वर. पार्सल ऑफिसातल्या हमालाने मुठी धरून पाहिल्या आणि म्हणाला, "नाजूक तं सगळेच लिहितात, साहेब. मूठ कोणी लावत नाही." मुठीला धरलेली पेटी आपोआप उभी राहते, वाचायला कुणाला वेळ असो-नसो. शिवाय दोन माणसांना उचलता येईल एवढंच वजन ठेवलं आहे. त्यापुढे गेलं की वस्तू उचलत नाहीत, लोटतात.

१६ एप्रिल, मंगळवार

पुतण्याचे फोटो आले. पेटीची एक खालची पट्टी फुटली आहे, बारदान फाटलं आहे, म्हणजे कुठेतरी चांगलीच आपटली. आत पंखा जसाच्या तसा. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या पाहत त्याने जोडायला घेतला आहे. वीज जोडण्याआधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून घे, असं बजावलं. इतकी वर्षं माळ्यावर पडलेली मोटार थेट चालू करायची नसते.

२० एप्रिल, शनिवार

काल मतदान झालं. आज पुन्हा रस्ते मोकळे. आत्याचा पंखा सकाळी लवकर निघून नागपूरला पोचवला, ऊन चढायच्या आत.

भाचीच्या पंख्याचे सर्व बाजूंनी फोटो, प्लेटचा जवळून फोटो, मोजमापं आणि घरची माहिती असा अर्ज तयार झाला, सोमवारी पुरातत्त्व खात्याकडे जाईल. तोवर पंखा माझ्याकडे घोडीवर कसलेला आहे, पाती वेगळी, जाळी वेगळी. दाखला मिळाला नाही तर तो इथेच राहील, हे भाचीला स्पष्ट सांगितलं. ती रुसली आहे.

या महिन्यात ओळखीच्या बऱ्याच जणांनी आपापल्या माळ्यावरच्या पंख्यांबद्दल विचारलं, त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवतो. पंखा जोडलेल्या अवस्थेत कोणाच्याही हवाली करू नका. पाती आणि जाळी काढा, मोटारीला खालून आधार द्या, आणि समुद्रापलीकडे पाठवायचा असेल तर सुताराला बोलावण्याआधी प्लेट नीट वाचा.